वाळपईची थंडी आणि जगाचा ताप

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडचे वारे सुटतात, पणजीचा किमान पारा सतरा-अठरावर येतो आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात शेकोट्या पेटतात. मग चहाच्या गाड्यापासून कदंबच्या बसपर्यंत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: एवढी थंडी पडते, तर ती जागतिक तापमानवाढ गेली कुठे? काही जण तो थट्टेने विचारतात, पण बरेच जण मनापासून विचारतात. मनापासून विचारणाऱ्याला 'तुला विज्ञान कळत नाही' असे म्हणून गप्प करणे चूक आहे. त्याने अंगावर घेतलेली थंडी खरी आहे आणि तिचा हिशेब त्याला मिळालाच पाहिजे.

तो हिशेब केला की दोन गोष्टी दिसतात. एका पहाटेच्या थंडीवरून पृथ्वी तापते की नाही हे ठरत नाही, ही पहिली. ती बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते. दुसरी गोष्ट खास गोव्याची आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. जो कोरडा वारा जानेवारीत पहाटे आपल्याला गोधडी ओढायला लावतो, तोच वारा फेब्रुवारी-मार्चमध्ये भर दुपारी किनाऱ्यावरचा पारा ३७ अंशांकडे नेतो. पहाटेची थंडी दाखवून दुपारचा ताप नाकारणारा माणूस एकाच वाऱ्याची अर्धी बाजू सांगत असतो.

हा वारा येतो कसा ते पाहू. हिमालयावरून एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, पुढे सरकला की त्याच्यामागे वायव्य आणि मध्य भारतावर हवेचा दाब वाढतो. तिथून निघालेली कोरडी हवा दख्खनच्या पठारावरून दक्षिणेकडे येते आणि सह्याद्री ओलांडून गोव्यात उतरते. बेळगावची थंडी घाटातून खाली वाहत येते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. कोरडी हवा खाली उतरताना दाबाने आवळली जाते आणि दर १०० मीटरला जवळपास १ अंशाने तापते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तिथली पहाटेची १२ अंशांची हवा जशीच्या तशी चोर्ला घाटाने खाली आली, तर पायथ्याशी पोचेपर्यंत ती १९ अंशांच्या आसपास गेलेली असेल. घाटावरून आपल्याकडे येतो तो मुख्यतः कोरडेपणा. थंडी तयार होते इथेच, आपल्या खोऱ्यांत.

ती अशी. आकाश निरभ्र आणि हवेत बाष्प कमी असले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता सरळ वर सोडून देते. ऑक्टोबरच्या दमट रात्री हवेतले बाष्प त्या उष्णतेचा मोठा भाग परत जमिनीकडे पाठवते, म्हणून उकडते. जानेवारीत ही झाकणी निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड असते, ती उतारावरून ओघळत खोऱ्यात साचते. म्हणून म्हादईच्या खोऱ्यात वाळपईकडे, तसेच सांगे आणि धारबांदोडा तालुक्यांत पहाटेचा पारा पणजीपेक्षा काही अंशांनी खाली असतो. अशा पहाटे पाला जाळलेला धूर नीट पाहावा. तो वर चढत नाही, कौलांच्या उंचीवर जाऊन आडवा पसरतो. खाली गार हवा आणि वर उबदार हवा अशी उलटी रचना झालेली असते, तिला तापमानाची विपरीतता म्हणतात. सूर्य वर येऊन जमीन तापली की तासा-दीडतासात ती मोडते आणि धूर वाट मोकळी झाल्यासारखा वर निघतो. वाळपईच्या त्या गारव्याची जाडी अनेकदा शे-दोनशे मीटरच असते. खोऱ्यात कुडकुडत असताना शेजारच्या डोंगराच्या माथ्यावर हवा जास्त उबदार असू शकते.

किनाऱ्यावर ही थंडी तेवढी जाणवत नाही, कारण शेजारी समुद्र आहे. जानेवारीतही गोव्याच्या किनाऱ्यालगत समुद्राचे पाणी २७-२८ अंशांचे असते.

आता तोच दिवस दुपारपर्यंत नेऊ. एरवी सकाळी अकरा-बाराच्या सुमारास खारे वारे सुरू होतात, समुद्राची तुलनेने गार हवा आत येते आणि पारा ३२-३३ वर थांबतो. पण पूर्वेचा कोरडा वारा जोरात असेल तर तो खाऱ्या वाऱ्याला थोपवून धरतो. एक वाजतो, दोन वाजतात, समुद्रावरून झुळूक येत नाही. तोवर पठारावरची दुपारची हवा खाली मिसळत असते आणि वरचेच गणित आता उलट्या अर्थाने लागू होते. पठारावर ७५० मीटर उंचीवर ३० अंश असलेली हवा समुद्रसपाटीला आली की ३७ ची होते. फेब्रुवारीत पठारावर दुपारी ३० ते ३२ अंश हा नेहमीचा आकडा आहे. त्यामुळे गोव्यात पहाटे १९ आणि दुपारी ३६ असा दिवस उजाडतो. त्या दिवशी लवकर उठून फिरायला जाणारा म्हणतो 'काय थंडी आहे', आणि दुपारी बांधकामावर काँक्रीट ओतणारा कामगार चक्कर येऊन बसतो.

भारतीय हवामान खात्याच्या निकषांतही ही गोष्ट दिसते. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर पोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनारी केंद्रांसाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे, आणि तापमान त्या तारखेच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावे लागते. थंडीचेही तसेच: मैदानात किमान १० अंश किंवा खाली, तर किनाऱ्यावर १५ अंश किंवा खाली आणि शिवाय सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी कमी. पणजीची जानेवारीतली किमान सरासरी २० अंशांच्या आसपास आहे. याचा अर्थ पणजीत १७ अंशांची पहाट झाली तर ती सुखद आहे, वर्तमानपत्रात मथळा देण्याजोगीही असेल, पण थंडीची लाट नाही. उलट ३७ अंशांचे इशारे आता फेब्रुवारीतच येऊ लागले आहेत. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात गोव्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला. तो महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. त्याआधी मार्च २०२३ मध्ये अशाच इशाऱ्यामुळे गोव्यातल्या शाळा दुपारी बारापूर्वी सोडाव्या लागल्या होत्या, आणि त्याच दिवसांत म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते.

आता मूळ प्रश्नाकडे. पृथ्वी तापली म्हणतात ती किती? आपल्या देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नोंदवले आहे. शंभरहून अधिक वर्षांत पाऊण अंशाहून कमी. पणजीचा किमान पारा मात्र एका जानेवारीतच १७ ते २३ असा सहा अंश खाली-वर होतो. शतकभराच्या वाढीच्या आठपट चढउतार एका महिन्यात दिसतो. म्हणून ती वाढ एका पहाटेत दिसणे शक्यच नाही, आणि एका पहाटेने ती खोटी ठरणेही शक्य नाही. भरतीची वेळ झाली की नाही हे मांडवीतल्या एका लाटेकडे पाहून ठरवता येत नाही. पाणी बांधाच्या कितव्या दगडापर्यंत आले ते पाहावे लागते.

पण मग प्रामाणिक माणूस पुढे विचारेल: इतकी बारीक वाढ असेल तर फरक तरी काय पडतो? इथे थोडे आकडे मांडून पाहणे उपयोगी आहे. समजा एखाद्या ठिकाणी हिवाळ्यातल्या रात्रींचे तापमान सरासरीच्या आजूबाजूला पसरलेले आहे आणि त्या पसरणीचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचे सर्वसाधारण अंतर, २ अंश आहे. सरासरीपेक्षा ४ अंशांनी खाली जाणारी रात्र ही 'कडाक्याची' धरू. नेहमीच्या घंटाकृती वितरणात अशा रात्री हजारात साधारण २३ येतात. नव्वद रात्रींचा हिवाळा धरला तर हजार रात्री म्हणजे अकरा हिवाळे, म्हणजे दर हिवाळ्यात दोन कडाक्याच्या रात्री. आता सरासरी फक्त १ अंशाने वर सरकवा आणि बाकी काही बदलू नका. जुन्या मापाने कडाक्याच्या असलेल्या रात्री हजारात २३ वरून ६ वर येतात. त्याच वेळी जुन्या सरासरीपेक्षा ४ अंशांनी उबदार असलेल्या रात्री २३ वरून ६७ वर जातात. एका अंशाने कडाका चौथाईवर आला आणि उकाडा तिप्पट झाला. आणि तरीही त्या सहा रात्री येतातच! त्या आल्या की लोक म्हणतात, बघा, थंडी आहेच की.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. त्याच मंत्रालयाच्या अहवालात वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीचा हिशेब आहे. १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत भारतातल्या वर्षातल्या सर्वांत उष्ण दिवसाचे तापमान सुमारे ०.६३ अंशाने आणि सर्वांत थंड रात्रीचे सुमारे ०.४ अंशाने वाढले. थंड रात्र अजूनही येते, पण ती पूर्वीइतकी थंड नसते. 'थंडी पडली की नाही' हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. विचारायचे ते हे: जिला आपण या वर्षीची सर्वांत थंड रात्र म्हणतो, ती तीस वर्षांपूर्वी कितव्या क्रमांकावर बसली असती? ज्याचे वय आज वीस आहे त्याला १७ अंश म्हणजे कडाका वाटतो, कारण त्याने त्याहून थंड रात्री फार पाहिलेल्याच नाहीत. आठवणीचे माप पिढीगणिक सरकते. त्यामुळे साठीतल्या माणसाची 'आमच्या वेळी दिवाळीला न्हाणीतल्या भाणातले कढत पाणी हवेहवेसे वाटायचे' ही आठवणही पुरावा म्हणून चालत नाही, जरी ती माझ्या बाजूची असली तरी. पुरावा मोजणीतूनच येतो.

मोजणी कशी करतात हे जरा खोलात सांगतो, कारण थंडीच्या बहुतेक बातम्यांतला घोळ इथूनच सुरू होतो. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर हवामान खात्याचे केंद्र आहे, मुरगावलाही आहे. अशा केंद्रात तापमापक उघड्यावर टांगलेले नसतात. झडपांच्या दुहेरी भिंतींची, पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी असते, तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. तिच्यातून हवा खेळते, पण ऊन, पाऊस आणि जमिनीची धग आत येत नाही. तापमापकांचे फुगे जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर येतात. दार उत्तरेला असते, म्हणजे दिवसा वाचन घ्यायला ते उघडले तरी ऊन थेट आत पडत नाही. रात्रीचे किमान तापमान सकाळी ८.३० च्या वाचनात मिळते.

किमान तापमापकात पारा नसतो, अल्कोहोल असते आणि त्यात काचेची एक बारीक काडी तरंगती ठेवलेली असते. रात्री गारव्याने अल्कोहोल मागे सरकते तेव्हा त्याचा पृष्ठभाग काडीला सोबत ओढून नेतो. सकाळी अल्कोहोल पुन्हा पुढे जाते, पण काडी जिथे ओढली गेली तिथेच राहते. तिचे फुग्यापासून लांबचे टोक वाचायचे, जवळचे नव्हे. जवळचे वाचले तर आकडा खोटा कमी येतो. दुसरी चूक अधिक फसवी आहे. जुन्या तापमापकात अल्कोहोलचा थोडा भाग वाफ होऊन नळीच्या वरच्या टोकाला जमतो. तेवढा स्तंभ खाली कमी पडतो आणि तापमापक रोज खरेपेक्षा कमी तापमान दाखवू लागतो. नवखा निरीक्षक असेल तर त्याला वाटते की थंडी वाढली. म्हणून दुसऱ्या, तपासलेल्या तापमापकाशी त्याचा आकडा वरचेवर ताडून पाहावा लागतो.

आता ज्या आकड्यांवर रोज वाद होतात ते पाहा. मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमध्ये तुमच्या गावाच्या नावासमोर जो आकडा असतो, तो बहुतेक वेळा तुमच्या गावात मोजलेला नसतो. संगणकाच्या प्रारूपाने काही किलोमीटरच्या चौकोनासाठी काढलेला असतो, आणि सत्तरीसारख्या डोंगर-दऱ्यांच्या भागात एकाच चौकोनात माथाही येतो आणि खोरेही. गाडीच्या पडद्यावरचा आकडा रस्त्याच्या आणि इंजिनाच्या उष्णतेने बिघडतो. गॅलरीत भिंतीवर खिळ्याला लावलेला तापमापक रात्री भिंतीची साठलेली ऊब दाखवतो, तर अंगणात उघड्या आकाशाखाली ठेवलेला तापमापक स्वतःच आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गार होतो. 'आमच्या अंगणात काल १३ होते' अशा वाक्यांतले निम्मे आकडे असेच जन्माला येतात.

शाळेला किंवा बागायतदाराला स्वतः नोंद ठेवायची असेल तर ते अवघड नाही. किमान-कमाल दाखवणारा साधा डिजिटल तापमापक पुरतो. आधी तो तपासावा. स्वच्छ पाण्याचा बर्फ ठेचून भांडे गच्च भरावे, त्यात थोडे पाणी घालावे, तापमापकाची तार बर्फात मध्यभागी ठेवून ढवळावे आणि दहा मिनिटांनी वाचावे. ० यायला हवे. ०.८ आले तर प्रत्येक वाचनातून ०.८ वजा करायचे. मासळीच्या पेटीतला बर्फ घेऊ नये. त्यात मिठाचा अंश असतो आणि खारट पाणी ० च्या खाली गोठते, त्यामुळे तपासणीच चुकते. मग झडपांची पांढरी पेटी करून ती मोकळ्या गवतावर, भिंत, पत्रा, एसीचे बाहेरचे यंत्र आणि मोठे झाड यांपासून दूर, सव्वा मीटरवर बसवावी. रोज सकाळी ८.३० ला किमान आणि कमाल दोन्ही लिहावे, नंतर तापमापकातली जुनी किमान-कमाल नोंद पुसावी. जागा बदलू नये. बदलावीच लागली तर वहीत तारखेसह ठळक लिहावे, नाहीतर दहा वर्षांनी कोणीतरी त्या बदलालाच हवामानाचा बदल समजेल.

जगाची सरासरी काढणारेही हेच करतात, फक्त हजारो ठिकाणी. ते थेट तापमानांची सरासरी काढत नाहीत. प्रत्येक ठिकाणचे तापमान त्याच ठिकाणच्या तीस वर्षांच्या सरासरीशी ताडून तफावत काढतात आणि त्या तफावतींची सरासरी घेतात. त्यामुळे वाळपई थंड आणि पणजी उबदार या नेहमीच्या फरकाने हिशेब बिघडत नाही. शहरांत काँक्रीट वाढले म्हणून तापमान वाढलेले दिसते, असा एक आक्षेप घेतला जातो. शहरांपुरता तो बरोबरही आहे. पणजी-मडगावच्या रात्री उबदार होण्यात आपल्या काँक्रीटचा वाटा नक्की आहे. पण पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग समुद्र आहे आणि समुद्रात इमारती नाहीत. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठतापमान १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे १ अंशाने वाढले, जगाच्या समुद्रांच्या सरासरी वाढीपेक्षा जास्त. पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रातच गेली आहे. हवेतली पहाटेची थंडी पाहून तापमानवाढ नाकारणे म्हणजे खिशातल्या सुट्या पैशांवरून बँकेतल्या ठेवीचा अंदाज करणे होय.

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, पृथ्वीचे सुमारे ५१ कोटी. आपण पृथ्वीच्या एक लाख अडतीस हजाराव्या हिश्शात राहतो. अमेरिकेची सलग ४८ राज्ये म्हटली तरी ती पृथ्वीच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी भागावर आहेत. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी जेम्स इनहोफ या अमेरिकन सिनेटरने बर्फाचा गोळा सभागृहात आणला आणि बाहेर किती थंडी आहे ते पाहा, म्हणून फेकला. त्या महिन्यात अमेरिकेचा पूर्व भाग खरोखर गारठला होता. पण ते २०१५ साल संपले तेव्हा जगातले तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पुढे तो विक्रमही मोडला. २०२४ अखेरीस २०१५ ते २०२४ ही दहा वर्षे नोंदींतली सर्वांत उष्ण दहा वर्षे होती. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ चे जागतिक तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने सुमारे १.५५ अंशांनी जास्त होते. भारतातही २०२४ हे १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष होते.

हे माणसामुळेच कशावरून, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक भाग गोव्यातच आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम मुरगावहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे पोचली. आज वास्कोच्या हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फाचे गाभे तिथे गोठवलेल्या खोलीत जपले जातात. बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. जगभरच्या संशोधकांनी अशा बुडबुड्यांतून गेल्या आठ लाख वर्षांच्या हवेचा इतिहास वाचला आहे. त्या सर्व काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात सुमारे १८० ते ३०० भाग यांच्या दरम्यान राहिले. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ होते. आज ४२० च्या वर आहे. सूर्य प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापत असती तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, हाही तापला असता. तो थंड होत आहे. उष्णता खाली अडवली जात असेल तेव्हा असे घडते.

थंडीला केवळ सुख समजणाऱ्यांनी आणि तापमानवाढीला दूरची गोष्ट समजणाऱ्यांनी एकदा आंब्याच्या बागेत जाऊन पाहावे. पाऊस थांबून माती सुकली, पालवी जून झाली आणि रात्री गार झाल्या की आंबा मोहोरतो. म्हणजे डिसेंबरची थंडी हवीच. पण पहिल्या मोहोराला कणी धरल्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत पारा पुन्हा घसरला तर त्याच फांदीला दुसरा मोहोर फुटतो. यालाच पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि आधीची वाटाण्याएवढी फळे गळून जमिनीवर सडा पडतो. हापूसमध्ये हे फार होते. उपाय म्हणून मोहोर पूर्ण फुललेला असताना जिब्रेलिक आम्लाची ५० पीपीएम फवारणी सांगितली जाते, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. ते पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात घालावे लागते. तसेच टाकले तर तळाशी बसते आणि फवारणी वाया जाते.

पुनर्मोहोरातून वाचलेली फळे पुढे त्याच कोरड्या वाऱ्याच्या दुपारच्या तडाख्यात सापडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा ३५-३६ च्या वर गेला की कोवळी फळे देठातून सुटतात, मोठी असतील तर उन्हाकडच्या बाजूला करपतात. हापूसमध्ये पुढे साका, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा दोष, धरण्याचे एक कारणही जमिनीच्या धगीतच आहे. मानकुराद या गोव्याच्या आंब्याचा दर हंगामाच्या सुरुवातीला डोळे पांढरे करतो तेव्हा त्यामागे एकाच हंगामात गारव्याने आणि उन्हाने मिळून केलेली ही गळती असते. काजूलाही मोहोराच्या दिवसांत कोरडी, उघडी हवा हवी असते. अवेळी ढग आले, पाऊस शिंपडला की मोहोर काळा पडतो आणि ढेकण्या हा रस शोषणारा कीटक त्यात भर घालतो. मिठागरांचे तर विचारूच नका, एका अवेळी सरीने कोंडीतले तयार मीठ विरघळून जाते. या माणसांना 'थंडी आहे की ताप आहे' असा निवाडा नको असतो. त्यांना दोन्हींचे वेळापत्रक हवे असते.

आमच्या बाजूच्या लोकांचीही एक चूक सांगितली पाहिजे. मार्चमध्ये एक दिवस ३८ अंश झाले की 'हाच हवामानबदल' असे लगेच जाहीर करणारे आणि जानेवारीत १७ अंशांवरून तो नाकारणारे एकच चूक करतात. खारे वारे दोन तास उशिरा आले म्हणूनही ३८ होऊ शकते. असे दिवस दशकागणिक किती वाढले, हंगामात ते किती लवकर येऊ लागले आणि कडाक्याच्या रात्री किती कमी झाल्या, या मोजणीवर बोलावे. उतावीळ दाव्यांनी लोकांचा विश्वास जातो, आणि पुढच्या गार पहाटे त्याची परतफेड होते.

म्हणून गोव्यात या वादाला काही अर्थ यायचा असेल तर काही कामे लगेच व्हायला हवीत. प्रत्येक तालुक्यात, त्यातही सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण इथे, खोऱ्यात एक आणि उंचावर एक असे स्वयंचलित केंद्र हवे. त्याचे रोजचे किमान आणि कमाल आकडे, सरासरीपासूनच्या तफावतीसह, मराठी आणि कोकणीत सर्वांना खुले असावेत. आज पणजी-मुरगावच्या आकड्यांवर सगळा गोवा मोजला जातो आणि वाळपईच्या माणसाला आपली थंडी कोणी मोजतच नाही असे वाटते. त्याचे वाटणे रास्त आहे. शाळांनी फेब्रुवारीच्या मध्यापासून मैदानी खेळ आणि कवायत सकाळी दहाच्या आत संपवावी. उष्णतेच्या आदेशाची वाट पाहू नये, कारण आदेश निघेपर्यंत दोन दुपारी उन्हात गेलेल्या असतात. बांधकामाच्या कंत्राटांत दुपारी साडेबारा ते साडेतीन सावलीतले काम अशी अट असावी. खारे वारे उशिरा येतील त्या दिवसाचा अंदाज आदल्या संध्याकाळीच देता येतो. पूर्वेच्या वाऱ्याचा वेग आणि पठारावरचे कमाल तापमान या दोन आकड्यांवर तो बराचसा बेतता येतो. तो अंदाज पंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.

वर्तमानपत्रांनीही एक सवय लावून घ्यावी. 'पारा १७ वर' असा मथळा दिला की त्याच्या शेजारी त्या तारखेची तीस वर्षांची सरासरी आणि त्याच दिवसाचे कमाल तापमान छापावे. १७ च्या शेजारी २० आणि ३४ हे दोन आकडे दिसले, तर चहाच्या गाड्यावरची चर्चा पुढच्या जानेवारीत वेगळ्या ठिकाणाहून सुरू होईल.